लहान संपर्क उपग्रह: एवढ्याशा डब्यात असतं काय आणि तो पळता पळता बोलतो कसा?

सांजतारा
भूस्थिर उपग्रहाचं गणित मला शाळेपासून पटलेलं आहे. ३५,७८६ किमी उंचीवर गेला की त्याची फेरी आणि पृथ्वीची गिरकी एकाच वेळात पूर्ण होते, तो आकाशात एका जागी ठाण मांडून बसतो, डिश एकदा त्याच्याकडे रोखली की काम संपलं. पण हल्ली बोलबाला आहे तो ५००-६०० किमीवरच्या लहान संपर्क उपग्रहांचा, आणि ते काही केल्या माझ्या डोक्यात बसत नाहीत. एका जागी थांबत नाहीत, काही तर हातात मावतील एवढे असतात, आणि तरी त्यांच्यावरून मेसेज जातात, इंटरनेट चालतं.

मग त्यात असतं काय? पळणाऱ्या उपग्रहाशी संपर्क टिकतो कसा? आणि एक मावळला की पुढच्याकडे काम सोपवतं कोण?

माझं आपलं एक मत आहे, पटलं नाही तर बिनधास्त फटकवा: मोबाइलमुळे चिप लहान झाल्या, म्हणून उपग्रह लहान झाले. यापलीकडे त्यात फार इंगित नाही.

फुकटचा सल्ला
रुमाल टाकून ठेवतो. बिनतारी आणि ओहमराव एका धाग्यावर आले की पुढचं आपोआप होतं.

बिनतारी
आलोच. :)

आधी पळण्याचं बघू. ५०० किमीवर वेग सेकंदाला साधारण ७.६ किमी. एक प्रदक्षिणा साडेचौऱ्याण्णव मिनिटांत, म्हणजे दिवसाला पंधरा. खाली पृथ्वीही फिरत असल्याने त्यातल्या मोजक्याच फेऱ्या तुमच्या आकाशातून जातात. अगदी डोक्यावरून जाणारा उपग्रहसुद्धा उगवल्यापासून मावळेपर्यंत फार तर साडेअकरा मिनिटं असतो. याला आम्ही पास म्हणतो. बरेचसे पास तिरपे, त्यात पाच-सात मिनिटंच पदरात पडतात.

तेवढ्यात दोन गोष्टी सतत बदलत असतात. एक अंतर. डोक्यावर असताना ५०० किमी, क्षितिजाला टेकलेला असताना २,५७० किमीच्या आसपास. अंतर पाचपट झालं की सिग्नल पंचवीसपटीहून जास्त क्षीण. दुसरी गोष्ट डॉपलर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकणं. ४३७ मेगाहर्ट्झवर बोलणारा उपग्रह येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि जाताना तेवढाच खाली. हेडफोन लावून मोर्स बीकन (उपग्रह मोर्समध्ये सोडतो ती ओळखीची खूण) ऐकत बसलात तर सुरुवातीला शिट्टी जवळपास एकाच सुरात असते, मग उतरायला लागते, आणि उपग्रह माथ्यावर आला की धाडकन घसरते. आकाशाकडे न बघता कळतं की अर्धा पास संपला. आता हे ट्यूनिंग सॉफ्टवेअर करतं. एका हातात यागी अँटेना आणि दुसऱ्या हाताने रेडिओचा नॉब, ही कसरत नव्या मंडळींच्या नशिबी नाही.

ओहमचा नियम
सांजतारा, तुमच्या मतालाच हात घालतो. चिप लहान झाल्या हे खरं, पण उपग्रह किती लहान करता येईल हे वॉट ठरवतात.

हिशेबच करू. क्यूबसॅट, म्हणजे ठरीव मापाचा घनाकृती छोटा उपग्रह. त्याचं मूळ माप, ज्याला १यू म्हणतात, तो १० सेंमीचा घन. (हे माप १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅल पॉलीचे जॉर्डी प्विग-सुआरी यांनी आखलं, ते विद्यार्थ्यांना शिक्षण चालू असतानाच उपग्रह बनवून उडवता यावा म्हणून.) पृथ्वीजवळ ऊन चौरस मीटरला १,३६१ वॉट. घनाच्या एका बाजूवर दोन सौरपेशी बसतात, मिळून साधारण ६० चौरस सेंमी. अवकाशासाठीच्या चांगल्या पेशींची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ऊन अगदी सरळ पडलं तरी एका बाजूकडून २.४ वॉट. त्यात दर फेरीतली पस्तीसेक मिनिटं उपग्रह पृथ्वीच्या सावलीत. सगळी वजाबाकी करून सरासरी एक-दोन वॉट हातात राहतात. त्यात संगणक, कधीच बंद न करायचा रिसीव्हर, बॅटरीचा हीटर, आणि उरलं तर ट्रान्समीटर. अँटेनातून १ वॉट बाहेर काढायचा तर बॅटरीतून तीनेक वॉट ओढावे लागतात. म्हणून असा उपग्रह बराच वेळ गप्प असतो, मध्येच बीकनची एक ओळ टाकतो आणि पुन्हा गप्प.

बॅटरीचं दुखणं वेगळं. दर फेरीला सावली, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार वेळा चार्ज आणि डिस्चार्ज. फोनची बॅटरी हजारभर चक्रांत कशी मान टाकते ते आपण सगळे बघतो. वरच्या बॅटरीला म्हणून कधी रिकामी होऊच द्यायची नाही, क्षमतेचा पाव हिस्सा वापरला की बास. शिवाय लिथियम-आयन बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते. हीटरवर वॉट खर्च होतात ते त्यासाठी.

आडवा प्रश्न
एवढा सगळा खटाटोप करून एका पासमध्ये डेटा जातो किती?

बिनतारी
९६०० बिट प्रतिसेकंद हा विद्यार्थ्यांच्या उपग्रहांचा नेहमीचा वेग. दहा मिनिटं पूर्ण मिळाली तर ७२० किलोबाइट. पॅकेटचा वरखर्च आणि गळालेली पॅकेटं त्यातून वजा करा.

आडवा प्रश्न
म्हणजे 'सुप्रभात'चा एक फोटोसुद्धा धड जाणार नाही. आणि त्यासाठी रॉकेट!

फुकटचा सल्ला
हा दोष नाही, सोय आहे. आमच्या फॅमिली ग्रुपला असंच नेटवर्क हवंय.

बिनतारी
हसा लेको. पण समुद्रात तरंगणाऱ्या मोजणी-यंत्राला, जंगलातल्या पर्जन्यमापकाला, जहाजावरच्या कंटेनरला सांगायचं असतं किती? काही डझन बाइट. ऑर्बकॉम कंपनीचा धंदा त्यावर उभा राहिला. चाळीसेक किलोचे उपग्रह, १३७-१३८ मेगाहर्ट्झवर खाली बोलणारे आणि १४८-१५० वर ऐकणारे. निरोप ऐकायचा, पोटात ठेवायचा, ग्राउंड स्टेशन दिसलं की ओकायचा. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हाही निरोप साठवून पुढे देण्यासाठीच होता, वजन किलोभर, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला.

आणि ही परंपरा तुमच्या स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे. ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी बनवला आणि रॉकेटवर तोल साधायला जे वजन ठेवायचं होतं त्याच्या जागी बसवून दिला. साडेचार किलो, ताकद ०.१४ वॉट. मोर्समध्ये फक्त 'हाय' म्हणायचा. पण आतलं तापमान बदललं की 'हाय' म्हणण्याची गती बदलायची, त्यामुळे जमिनीवरचा माणूस घड्याळ लावून उपग्रहाचा ताप मोजू शकत होता. बॅटरी संपेपर्यंत तीनेक आठवडे बोलला.

सांजतारा
ओहमराव, वॉटचा मुद्दा पोचला. पण १९६१ चा साडेचार किलोचा डबा फक्त 'हाय' म्हणू शकत होता आणि २०१६ चा किलोभराचा डबा निरोप साठवतो, हा फरक चिपमुळेच ना? मी माझं मत इतक्यात सोडत नाही.

ओहमचा नियम
एका वॉटमध्ये किती काम होतं ते चिपने वाढवलं, हे कबूल. वॉट मात्र तेवढेच आहेत. ऊन काही दर दोन वर्षांनी दुप्पट होत नाही.

खिळेमोळे
आमच्या विद्यार्थीगटाच्या उपग्रहात मी यांत्रिक बाजू बघायचो. वॉटवाले आणि चिपवाले भांडतायत तोवर अँटेनाबद्दल लिहितो, कारण ती दोघांनाही जुमानत नाही. तिची लांबी तरंगलांबी ठरवते. १४५ मेगाहर्ट्झची पाव-तरंगाची काडी अर्धा मीटर, ४३७ ची १७ सेंमी. दोन्ही १० सेंमीच्या डब्याबाहेर जातात आणि रॉकेटवरच्या पेटीत तर डब्याबाहेर काही आलेलं चालत नाही.

यावर जगभर चालणारा तोडगा म्हणजे सुताराच्या मोजपट्टीची स्टीलची पात. तिला आडवा बाक असतो, त्यामुळे गुंडाळता येते आणि सोडली की ताठ उभी राहते. डब्याभोवती गुंडाळायची, नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची, दोरा एका बारक्या रेझिस्टरला टेकवून ठेवायचा. वर गेल्यावर रेझिस्टरमधून करंट सोडला की तो तापतो, दोरा वितळतो, पात फाडकन उघडते. क्यूबसॅटचा नियम असा की पेटीतून बाहेर पडल्यावर ३० मिनिटं काही उघडायचं नाही आणि ४५ मिनिटं प्रसारण करायचं नाही. बरोबर सुटलेल्या शेजाऱ्यांना धक्का नको.

टेबलावर आमचा दोरा चुटकीसरशी तुटायचा. थंड चेंबरमध्ये तोच दोरा तुटता तुटेना. रेझिस्टर तपासला, गाठ तपासली, सगळं जागच्या जागी. मग व्होल्टेजचा आलेख काढला तेव्हा कळलं, गारठलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि करंट मागितला की व्होल्टेज बसतं. रेझिस्टर कोमट होऊन थांबत होता. मग सॉफ्टवेअरला हट्टी केलं. दोन रेझिस्टर, पहिल्याने जमलं नाही तर दुसरा. तरीही पातीखालचा स्विच 'उघडली' म्हणाला नाही तर उन्हात ये, बॅटरी गरम होऊ दे, पुन्हा कर. आणि स्विचही खोटं बोलू शकतो, म्हणून तो काहीही म्हणो, सुरुवातीचे काही दिवस रोज एकदा दोरा जाळायचाच.

कंपन चाचणीचंही सांगतो. टेबल थरथरतं तेव्हा सगळे उपग्रहाकडे बघतात, बघायचा असतो आलेख. मुख्य चाचणीच्या आधी आणि नंतर हलक्या जोराने एकेक फेरी घ्यायची. डब्याची नैसर्गिक वारंवारता सरकलेली दिसली की समजायचं, आत काहीतरी सैल झालंय. आमचा एक स्क्रू असाच आलेखात सापडला. डोळ्यांना तो घट्टच दिसत होता.

फुकटचा सल्ला
मोजपट्टी बरोबर नेलीच आहे तर किती लांब आलो तेही मोजून सांगायचं की.

वाचनमात्र
कित्येक वर्षं नुसता वाचतोय, आज राहवलं नाही. खिळेमोळे, अँटेना उघडली, पण उपग्रह गडगडत असेल तर ती जमिनीकडे राहते कशी?

खिळेमोळे
स्वागत!

सगळ्यात गरिबीचा उपाय म्हणजे आत एक कायमचा लोहचुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून तो उपग्रहाला रांगेत ठेवतो. पण नुसता चुंबक असेल तर डबा डोलतच राहील, म्हणून सोबत खास मिश्रधातूच्या काड्या. त्यांचं चुंबकत्व उलटसुलट होताना ऊर्जा उष्णतेत जाते आणि डोलणं हळूहळू थांबतं. वीज शून्य. 'स्वयम्'मध्ये हीच पद्धत होती.

त्यावरची पायरी मॅग्नेटॉर्कर, म्हणजे तारेची वेटोळी. करंट सोडला की उपग्रह तात्पुरता चुंबक होतो आणि पृथ्वीच्या क्षेत्रावर रेटून फिरतो. सुटल्यानंतरचा गडगडाट शमवायला हे बेस. पण अँटेनाचा झोत अरुंद असेल, एक-दोन अंशांची चूकही परवडत नसेल, तर रिॲक्शन व्हील लागतात. आतलं चाक एका दिशेला फिरवलं की डबा दुसऱ्या दिशेला वळतो. कुठे बघतोय हे कळायला ताऱ्यांचे फोटो काढणारा कॅमेरा. आणि मग पुन्हा ओहमरावांचे वॉट.

रांगोळी
मी नेटवर्कवाली. सांजतारांचा तिसरा प्रश्न अजून कुणी उचलला नाही, तो माझा.

उपग्रहांच्या दोन जाती. पहिली नुसती परतवणारी: खालून आलेला सिग्नल घ्यायचा, फ्रिक्वेन्सी बदलायची, ताकद वाढवायची, पुन्हा खाली फेकायचा. ग्लोबलस्टार आणि १,२०० किमीवरचं वनवेब ही उपग्रहजाळी या जातीची. ग्राहक आणि गेटवे (जाळ्याला इंटरनेटशी जोडणारं जमिनीवरचं केंद्र) दोघंही एकाच वेळी एकाच उपग्रहाच्या नजरेत असावे लागतात, त्यामुळे महासागराच्या मध्यात पंचाईत. दुसऱ्या जातीचे उपग्रह आपापसात बोलतात. इरिडियमने हे १९९० च्या दशकात उभं केलं: ७८० किमीवर ६६ उपग्रह, सहा जवळपास ध्रुवीय कक्षा, प्रत्येक जण पुढच्या, मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्याशी जोडलेला. त्यांची कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण उपग्रह चालत राहिले आणि नव्या मालकाकडे जगले. स्टारलिंकमध्ये, म्हणजे स्पेसएक्सच्या इंटरनेट उपग्रहांच्या जाळ्यात, शेजाऱ्यांमधलं बोलणं लेझरवर चालतं.

आता संख्या. बिनतारी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मोजतात, कारण त्यांना मोर्स ऐकायचा असतो. इंटरनेटला ते चालत नाही, झाडं-इमारती आड येतात. उपग्रह किमान २५ अंश वर हवा असं धरलं तर ५५० किमीवरचा एक उपग्रह खाली सुमारे ९४० किमी त्रिज्येचं वर्तुळ सांभाळतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा अर्धा टक्का. आणि डोक्यावरून गेला तरी साडेचार मिनिटांत गायब. वर्तुळं एकमेकांवर न चढता पृथ्वी झाकतील असं अशक्य गृहीत धरूनही १८० च्या वर उपग्रह होतात. प्रत्यक्षात वर्तुळं चढवावी लागतात आणि गर्दीच्या प्रदेशासाठी क्षमता वाढवावी लागते, म्हणून आकडा हजारांत जातो.

काम सोपवणं मात्र वाटतं तेवढं अवघड नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये टॉवर स्थिर आणि ग्राहक कुठे वळेल ते कुणालाच ठाऊक नाही. इथे टॉवर पळतो, पण पुढच्या कित्येक तासांत तो कुठल्या क्षणी कुठे असेल हे आधीच माहीत असतं. त्यामुळे वेळापत्रक लावता येतं. स्टारलिंकमध्ये कुठल्या टर्मिनलने कुठल्या उपग्रहाकडे बघायचं हे दर १५ सेकंदांनी नव्याने ठरतं. छतावरची अँटेना त्यासाठी मान वळवत नाही. तिच्या पृष्ठभागावर शेकडो चिमुकल्या अँटेना असतात, प्रत्येकीचा फेज किंचित मागेपुढे केला की झोत हव्या त्या बाजूला झुकतो.

बदल्यात मिळतं काय? भूस्थिर उपग्रहावरून प्रश्न जाऊन उत्तर यायला नुसत्या अंतरापोटी ४७७ मिलिसेकंद लागतात. ५५० किमीवरून, सगळं डोक्यावर असेल तर, सुमारे ७.३. व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग दोघं एकदम थांबतात, ते यात होत नाही.

फुकटचा सल्ला
रांगोळीताई, ते आमच्याकडे समोरासमोर बसूनही होतं.

आडवा प्रश्न
हजारो उपग्रह, आणि प्रत्येक पाच-सात वर्षांनी बदलायचा. वरच्या कचऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. रांगोळी, तुमच्या इरिडियमचाच एक उपग्रह फुटला होता ना?

तिसरा डोळा
१० फेब्रुवारी २००९, इरिडियम-३३ आणि निकामी झालेला रशियन कॉसमॉस-२२५१, सैबेरियावर जवळपास ७९० किमी उंचीवर. दोन अखंड उपग्रहांची ती पहिली मोठी टक्कर, आणि तिचे तुकडे अजून फिरतायत.

मी दुर्बीणवाला आहे, माझ्या फोटोंतून रेघा जातात, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. मे २०१९ मध्ये पहिले ६० स्टारलिंक एका माळेत दिसले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते आणि आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो. पुढे त्यांनी काळा लेप लावून पाहिला, ऊन अडवणाऱ्या झडपा लावल्या. फरक पडला, पण संख्या वाढत गेली. माझं म्हणणं एवढंच की डिझाइनच्या यादीत वजन आणि वॉट असतात तशी चमकही असावी.

कचऱ्याबाबत मात्र उंची बघून बोलावं. ५०० किमीवर विरळ का होईना हवा आहे. इंधन संपलेला उपग्रह तिथे काही वर्षांत खाली येऊन जळतो, आणि सूर्य तापलेला असेल तर लवकर, कारण वरचं वातावरण फुगतं. १,२०० किमीवर मेलेला उपग्रह शतकानुशतकं तिथेच. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये नियम केला की काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली आला पाहिजे. त्याआधी पंचवीस वर्षं चालायची.

ओहमचा नियम
हवा फुगते त्याचं उदाहरण फेब्रुवारी २०२२ चं. ४९ स्टारलिंक सोडले होते, पहिला मुक्काम २१० किमीवर, म्हणजे बिघडलेला असेल तर पटकन पडावा म्हणून मुद्दाम खाली. दुसऱ्या दिवशी सौर वादळामुळे हवेचा रोध वाढला. कंपनीने उपग्रह हवेला कड दाखवून आडवे उडवले, तरी त्यातले बहुतेक, चाळीसच्या आसपास, परत खाली आले. त्यांच्यावरच्या हॉल थ्रस्टरचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या इंजिनाचा, जोर इतका हळुवार असतो की दाट हवेशी झुंजायला तो पुरत नाही. निर्वातात महिनोन्‌महिने ढकलत राहायला मात्र उत्तम.

आडवा प्रश्न
आणि लहान करण्यालाही खालची मर्यादा असते, ती कुणी सांगितली नाही. स्वॉर्म कंपनीचे चार 'स्पेसबी', १० बाय १० बाय २.८ सेंमी. जमिनीवरच्या रडारला नीट दिसणार नाहीत म्हणून त्याच नियामकाने परवानगी नाकारली. तरी जानेवारी २०१८ मध्ये पीएसएलव्हीवरून ते गेले आणि नंतर कंपनीला ९ लाख डॉलरचा दंड झाला. तुम्ही वॉट मोजा, मी म्हणतो आधी दिसण्याएवढे तरी ठेवा.

रांगोळी
+१. या एका मुद्द्यावर आडव्याशी सरळ सहमत.

वाचनमात्र
पुन्हा एक शंका. किरणोत्साराचं काय? बाजारातल्या साध्या चिप वर टिकतात?

ओहमचा नियम
टिकतात, पण अधूनमधून वेड लागतं. एखादा भारित कण स्मृतीतल्या बिटवर आदळला की ० चा १ होतो. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय कवच दुबळं आहे, तिथून जाताना हे जास्त. त्याहून वाईट म्हणजे चिपच्या आत शॉर्टसारखी वाट तयार होऊन करंट भडकतो. तिथे जलद तोडणारा स्विच हवा, नाहीतर चिप भाजते.

बाकी इलाज आपल्या सगळ्यांना येतो: बंद करून चालू करा. वॉचडॉग टायमर हेच करतो. मुख्य संगणकाने ठरावीक वेळात हजेरी लावली नाही की त्याचा वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडायचा. वर आणखी एक टायमर असतो, बरेच दिवस जमिनीवरून एकही आज्ञा आली नाही तर बिघाड आपल्यातच आहे असं धरून अख्खा उपग्रह पुन्हा सुरू. अशा उपग्रहाच्या सॉफ्टवेअरमधला निम्मा जीव या 'समजा हे बिघडलं तर' मध्ये असतो.

बिनतारी
बिघाडावरून आठवलं, ऑस्कर-७. १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला, १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मेला. सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. जून २००२ मध्ये कुणाला तरी त्या फ्रिक्वेन्सीवर मोर्स ऐकू आला. झालं असं की शॉर्ट झालेली बॅटरी आणखी बिघडली आणि तिचं सर्किटच तुटलं. मग सौरपेशींची वीज शॉर्टमध्ये न जाता थेट रेडिओला मिळायला लागली. तेव्हापासून ऊन असेल तोवर जागा, सावलीत गेला की मेला, पुन्हा उन्हात आला की जिवंत. ओहमरावांनी बॅटरीचं एवढं कौतुक केलं म्हणून सांगितलं.

ओहमचा नियम
बॅटरी मेली म्हणून उपग्रह जगला. नोंद घेतली आहे. :)

सांजतारा
धागा भलताच पुढे गेला. सगळ्यांचे आभार. आता माझ्या मताचं मीच ऑडिट करतो. चिपमुळे मेंदू लहान झाला, ते टिकलं. पण पेशींचं क्षेत्रफळ, अँटेनाची लांबी आणि रडारला दिसणं, या तिघांना चिपशी देणंघेणं नाही. मग साध्या मोबाइलशी थेट बोलणारे उपग्रह कसे जमवतात? फोनची अँटेना बोटाएवढी, ताकद वॉटच्या खाली.

रांगोळी
दोन वाटा. एक म्हणजे अपेक्षा कमी ठेवायची. २०२२ च्या अखेरीस आयफोन १४ मध्ये आणीबाणीचे मेसेज ग्लोबलस्टारवरून सुरू झाले. फोन आधी प्रश्न विचारून मजकूर आवळून घेतो, मग उपग्रह कुठल्या बाजूला आहे ते पडद्यावर दाखवतो आणि तिकडे फोन धरून उभं राहायला लावतो. मेसेज जायला मिनिटही लागू शकतं.

दुसरी वाट उलटी. खालची अँटेना लहान आहे ना, मग वरची अवाढव्य करा. ब्लूवॉकर-३ हा चाचणी उपग्रह, सप्टेंबर २०२२, वर जाऊन उलगडलेली अँटेना ६४ चौरस मीटर.

तिसरा डोळा
आणि उलगडल्यावर आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक. या धाग्याच्या शीर्षकात 'लहान' आहे याची आठवण करून देतो.

खिळेमोळे
६४ चौरस मीटर उलगडायचं? मी अर्ध्या मीटरच्या पातीसाठी रात्री जागवल्या आहेत.

वाचनमात्र
बिनतारी, तुमचं शिट्टीचं वर्णन वाचून एसडीआर डाँगल (संगणकाला लावायचा रेडिओ रिसीव्हर) मागवलाय. सुरुवात कशाने करू? लहान उपग्रहांचे सिग्नल मला झेपतील का?

बिनतारी
लगेच लहानांच्या मागे लागू नका, आधी अंतराळ स्थानक ऐका. त्यावरच्या हौशी रेडिओ रिपीटरचं (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्राचं) प्रसारण ४३७.८०० मेगाहर्ट्झवर असतं आणि सिग्नल दणदणीत. चालू आहे की नाही ते आदल्या दिवशी बघून घ्या, मधूनमधून बंद ठेवतात. कक्षेचे आकडे, म्हणजे टीएलई, ताजे उतरवून घ्या, आठवडेच्या आठवडे जुने वापरले तर वेळ चुकते. १७ सेंमीच्या दोन काड्यांचा डायपोल पुरेल, डाँगलपासून लांब आणि उघड्यावर ठेवा.

वाचनमात्र
आणि डॉपलर? सॉफ्टवेअर लावू का?

बिनतारी
पहिल्या पासला नको, हाताने करा. उगवताना ४३७.८१० वर थांबा. आवाज फाटायला लागला की अडीच-अडीच किलोहर्ट्झ खाली या. माथ्यावर ४३७.८००, आणि तिथे हात भराभर चालवा. मावळताना ४३७.७९०.